लिब्रादोची टोपी

अरे अरे, ते पान काढ आधी! मक्याचं पान आहे ते, ते नाही खायचं, आतलं खायचं — देवा रे, गार्सा आडनाव लावतोस आणि तमाले पानासकट चावतोस! वाढलास कुठे? ऑस्टिनला? तरीच. स्पॅनिशही येत नसेल — बघ, लाजला. लाजू नकोस, माझ्या नातवंडांची तीच तऱ्हा आहे. खा. तर काय म्हणत होतास — सही. माझ्या घरामागच्या झाडीतून सरहद्दीवरच्या भिंतीचा पुढचा टप्पा जाणार, तुमची वकील मंडळी कोर्टात जाणार, आणि कोर्टापुढे कुणीतरी लिहून द्यायला हवं, की होय बाबा, या झाडीत मी स्वतःच्या डोळ्यांनी तिग्रियो पाहिली. ओसेलॉट म्हणा तुम्ही, आमच्याकडे तिग्रियोच — ठिपक्यांची रानमांजर. आणि तुला कुणीतरी सांगितलं, तेंचा त्रेविन्योकडे जा, त्या म्हातारीला कागदांचं वेड आहे. वेड! बरोबर सांगितलं. वेडच लागलं होतं मला.

ती खोकी बघ, फ्रिजवरची. आणि शिवणयंत्राखालची. आणि पलंगाखाली आहेत ती वेगळीच. या देशात कायदा आहे — सरकारला कुणीही विचारू शकतं, दाखव तुझे कागद. मग मी विचारलं. नदीकाठच्या तुकड्यातून पहिली भिंत नेली ना, अभयारण्याच्या ऐन पोटातून — ती तिथूनच का नेली? कुणी ठरवलं? ठरवण्याआधी तिथे बघायला आलं होतं कोण? साधे प्रश्न. तर पहिलं उत्तर आलं, आभारी आहोत. दुसरं आलं, तुमचा प्रश्न फार मोठा आहे, लहान करा. लहान केला, तर म्हणे हा आमच्याकडचा नव्हे, त्या खात्याकडे जा. त्या खात्याने पुन्हा या खात्याकडे पाठवलं — नुसते कागदी घोडे! आणि शेवटी एकदाचं खोकं आलं, मी हात धुऊन, चष्मा पुसून उघडलं, तर सगळं काळं. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं. पुराचं पाणी कुठे जाणार — काळं. जनावरांनी पलीकडे जायचं कसं — काळं. एका बैठकीचा वृत्तांत होता, त्यातलं एकच वाक्य वाचता येत होतं — सर्वांना सँडविच मिळतील. हसतोस काय! मी पण हसले होते. खूप वेळ हसत बसले, मग लिब्रादो आत आला आणि म्हणाला, रडतेस कशाला. कोळसा उगाळावा तितका काळाच.

लिब्रादो म्हणजे माझा नवरा. मागे गेलाय, पक्ष्यांच्या कुंडीत पाणी भरायला, येईल एवढ्यात. उभं आयुष्य त्याने अभयारण्यात ट्रॅक्टर चालवला. तो नदीकाठचा तुकडा म्हणजे पूर्वी कापसाचं शेत होतं रे, पिकून पिकून मेलेलं. अभयारण्याने ते विकत घेतलं आणि लिब्रादोच्या टोळीने त्यात झाडी लावली — इथलीच, काटेरी, मेस्कीट आणि एबनी. हा दिसेल त्या झाडाखाली बिया वेचायचा, धुवायच्या कपड्यांत माझ्या हाताला नेहमी बिया लागायच्या. लोक म्हणायचे, काटे कसले लावतोस, आंबे लाव! हा म्हणायचा, आंब्यात मांजर लपत नाही. एवढी दाट झाडी झाली, की कुत्रंही आत शिरेना — आणि मग मांजर आली. कुणी आणली नाही, आपल्या पायांनी आली. आणि ती झाडी यंत्रांनी किती दिवसांत काढली, ते त्याला विचारू नकोस. तो बांधावर उभा होता, तर शिरस्त्राण घातलेलं एक पोरगं म्हणालं, आजोबा, मागे व्हा, धूळ उडेल. आजोबा! त्याच्याच रानात! तेव्हापासून त्या रस्त्याने तो जात नाही. चर्चला जायचं तरी मोठा वळसा.

काय? मांजर आली हे मला कसं कळलं? टोपीवरून. हो, टोपीवरून — त्यात काय! इथली रानात राबणारी माणसं मांजर दिसली तर बोलत नाहीत. बायकोशीही नाही. फार पूर्वी एकाने बोलायची चूक केली, तर दुसऱ्या दिवशी कॅमेरेवाल्यांची जत्रा, हातभर लांब नळकांडी घेऊन झुडपाझुडपात शिरलेले — मादी पिल्लं तशीच सोडून निघून गेली. तेव्हापासून ठरलं ते ठरलं. दिसली, तर घरी यायचं आणि टोपी खुंटीला न लावता टेबलावर उलटी ठेवायची. बस्स. मी काही विचारायचं नाही, त्याने काही सांगायचं नाही. मी कॉफीत साखर जास्त घालायची. डॉक्टरने बंद केलीय, पण त्या दिवशी घालायची. सगळ्या टोळीच्या घरी हेच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना — तशी ती मांजर आम्ही झाकून ठेवली होती.

तर मी शेवटचा अर्ज केला. म्हटलं, बाकीचं काळं करा, एवढंच सांगा — त्या तुकड्यात मांजर दिसल्याच्या तुमच्याकडे काय काय नोंदी होत्या? आणि उत्तर आलं, एका ओळीचं. स्वच्छ, पांढरं. मागितलेली नोंद आढळली नाही. अस्सा संताप आला मला! म्हटलं, सापडले चोर. आता नोंदीच गिळल्या यांनी. कागद घेऊन तशीच गेले अभयारण्याच्या कचेरीत, तिथे मॅरियन म्हणून बाई आहे, प्राण्यांच्या नोंदी तीच ठेवते, चांगली आहे, तिच्या मुलीच्या लग्नाला मीच तमाले केले होते — तिच्यावर तोंड सोडलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तेंचा, कुणी लपवलं नाही गं. नाहीच आहे. मी दर वर्षी टोळीला विचारायचे, त्या तुकड्यात काही दिसलं का? सगळे मान हलवायचे. लिब्रादोसुद्धा. नकाशावर ती जागा कोरी राहिली आणि भिंतवाल्यांनी कोरी जागा बघूनच रेघ ओढली.

म्हणजे आमची चूक? मुळीच नाही! ऐकून ठेव. नोंद असती तरी त्यांनी नेलीच असती. भिंतीसाठी यांनी कायदे बासनात बांधून ठेवले, ते काय एका मांजरीसाठी थांबणार होते? बुलडोझर, दिवे, पोलादाचे खांब, सगळं आणून ठेवलेलं — नेलीच असती. असती ना? सांग की. तू शिकलेला आहेस... बघ, पुन्हा पान सोलायला लागलास. मॅरियननेही असाच नकाशा गुंडाळायला घेतला होता.

ती ओळ लिब्रादोला मी दाखवली नाही. खोक्यात तळाशी घातली आणि अर्ज करणं बंद केलं. त्याला अजून वाटतं, सरकारकडे सगळं होतं आणि त्यांनी दडवलं. वाटू दे. तेवढ्या रागावर माणूस सकाळी उठतो, कुंडीत पाणी भरतो. तो राग काढून घेतला तर त्याच्याकडे राहील काय? आपण मान हलवली म्हणून आपली झाडी गेली, एवढंच? तू हे — लिहीत नाहीस ना? ठेव ती लेखणी. हे लिहायचं नाही.

आण तो कागद इकडे. मी करते सही, मला काय कुणाची भीती आहे? पण मी काय लिहू? मी मांजर पाहिलेलीच नाही रे कधी. जन्मात नाही. मी टोपी पाहिली. तुमच्या कोर्टात टोपी चालते? नाही ना? मग लिब्रादोची सही लागेल. आणि तो विचारणार, कागद कशाला हवा, सरकारकडे तर सगळ्या नोंदी आहेत. मग मी काय सांगू त्याला? शिवाय आता सांगण्यासारखं उरलंय काय! भिंत झाल्यापासून टोपी खुंटीवर आहे. रोज बघते मी. मांजर गेली. तुझी खेप फुकट गेली, पोरा, वाईट वाटतं, पण —

दार वाजलं. तोच. आता तोंडातून ब्र काढू नकोस. ये रे म्हाताऱ्या! हा एव्हन, पक्षी बघायला आलाय, वाट चुकला बिचारा. पानासकट तमाले खात होता! बूट काढ, चिखल बघ किती. कुंडी भरलीस? बरं. ठेव टोपी, आणि...

...

हात धुऊन ये. जा. कॉफी टाकते.

त्या टेबलाकडे असं बघू नकोस, पोरा. घाम वाळायला ठेवतो तो तशी उलटी. हो, तशीच. उठ. हे तमाले घे, वाटेत खा, पान काढून. नाही, त्याला काही विचारायचं नाही. मला माहीत आहे भिंत कुठून जाणार ते, माझ्या घरामागूनच जाणार आहे, तू मला सांगू नकोस! चेहरा पाहिलास त्याचा? त्याच्या चेहऱ्यावर असं हसू येऊन किती काळ लोटला, तुला काय ठाऊक! तुझ्या वकिलांना जाऊन सांग, म्हातारीकडे सगळीकडे शोधलं. मागितलेली नोंद आढळली नाही. साखरेचा डबा दे तो जाता जाता. नळ बंद झाला बघ. जा.