तू नीज गो, मी जागी आसंय

माझं माहेर कुणकेश्वराकडचं, देवळाच्या पलीकडे किनाऱ्याला लागून घर, वडील रापणीची जाळी ओढायला जायचे, आणि मी लहानपणी इतकी झोपाळू होते की काय सांगू तुम्हाला, जेवता जेवता ताटात डोकं टेकायचं. आई म्हणायची, ह्या चेडू स्वताच्या लग्नाच्या मांडवात निजतला. आणि खरंच, हळदीला पाटावर बसल्या बसल्या मी डुलक्या काढल्या, सगळ्या बायका हसल्या. अशा बाईने पोटासाठी रात्रभर जागायचं काम धरलं, आता बोला. तुम्ही पुण्याहून ह्या कामाचं विचारायला आलात, म्हणून मी जरा शुद्ध बोलते हां, मधी मधी घसरतला, ता चालवून घ्या.

घोव, म्हणजे नवरा, मालवणात बर्फाच्या कारखान्यात होता. नऊ वर्षं झाली, काविळीने गेला. मग मी रात्रीची बाई झाले. रात्रीची बाई म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी बसायचं, संध्याकाळी सातला जायचं, सकाळी सातला निघायचं. इकडे आता घराघरात एक म्हातारं माणूस आणि मुलं मुंबईला, मग दिवसाची एक बाई, रात्रीची एक बाई. माझी मुलगी रेश्मा कुडाळला कारखान्यात जाते, सकाळची एसटी पकडते. मी घरी येते तेव्हा ती गेलेली, मी निघते तेव्हा ती एसटीत. एकाच गादीवर झोपतो आम्ही दोघी, पण एकत्र कधी नाय. थंडीच्या दिवसात मी आडवी झाले की गादीला तिची ऊब लागते अजून. चहाच्या टोपाखाली चिठ्ठी असते, आये, बांगडे तळून ठेवलेत, जेवून नीज. आठ आठ दिवस तिचं तोंड बघत नाही मी. फोन आहे, पण फोनवर काय बोलायचं, जेवलीस काय, जेवले, झालं. रडू येतं मग.

हां, जागायचं कसं ते विचारलंत ना. मी कुळीथ घेऊन बसायची. ताटात पसरायचे, खडे वेचायचे, सगळे वेचून झाले की खडे परत कुळथात टाकायचे आणि परत वेचायचे. हसू नका, तुम्ही एक रात्र बसून बघा. बारा वाजेपर्यंत माणूस जागतो, त्यात काय नाय. दोननंतर खरं. समुद्राचा आवाज एकसारखा येतो, पंखा फिरतो, आणि मान अशी आपोआप खाली येते.

काकींकडे मी चार वर्षं कामाला होते. काकी म्हणजे एकट्या राहायच्या, बंदराच्या वरच्या अंगाला घर, पायात जोर नव्हता, खाटेची दांडी धरून जेमतेम उभ्या राहायच्या. मुलगा बाळू मुंबईला, मी त्यांना दादा म्हणते. माझ्या आधीची बाई झोपायची, म्हणून दादांनी फडताळावर कॅमेरा बसवला, खाटेच्या अगदी उशाशी. त्यांची पण रातपाळीच, कुठल्या परदेशी कंपनीचं काम, तिथून फोनवर आईकडे बघायचे. दुसऱ्याच रात्री माझा डोळा लागला आणि कॅमेऱ्यातून आवाज आला, ताई, झोपलात का? मी अशी दचकून उठले की कुळीथ सगळ्या खोलीभर. काकी मात्र चिडल्या. म्हणाल्या, मेल्याक आवशीक बघूचा आसात तर एसटीत बसान ये म्हणान सांग. आवस म्हणजे आई.

काकींना झोप नव्हतीच. रात्रभर टक्क जाग्या. एकदा मला ताप होता, घरी बसले असते तर काम गेलं असतं म्हणून आले होते. दोन वाजता काकींनी आपला टॉवेल उचलला आणि कॅमेऱ्यावर टाकला. म्हणाल्या, तू नीज गो, मी जागी आसंय, माका खंय झोप येता? मी म्हटलं, काकी, दादा? तेवढ्यात फोन वाजलाच, आई, कॅमेऱ्याला काय झालं? काकी म्हणतात, मी कपडे बदलतंय, आवशीक उघडी बघतलंस काय? दादांनी फोन ठेवला. तीन वाजले की काकींनी काठीने खाटेच्या दांडीवर टकटक करायचं, मी उठायचं, टॉवेल काढायचा. मग रोजचंच झालं ते. रोज दोन वाजता काकी कपडे बदलायच्या, तासभर.

मला पगार त्यांच्यासाठी जागायचा, आणि जागायच्या त्या, माझ्यासाठी. पाप होतं ते, मला कळत होतं. पण आई गेल्यापासून कोणी समोर बसून मला नीज म्हटलं नव्हतं हो.

त्या रात्री पण तसंच. टॉवेल टाकला, नीज म्हणाल्या, मी खुर्चीतच मान टाकली. टकटक झालीच नाही. पाववाल्याचा भोंगा ऐकून मी उठले, उजाडत आलेलं. माझ्या अंगावर काकींची चादर होती. टॉवेल खाली जमिनीवर. आणि काकी उशीला टेकून, माझ्याकडे तोंड करून, हातात काठी तशीच. हात लावला तर गार.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, पटकन गेल्या. पण मी काय ते ऐकते? मी झोपले होते ना. दादा आले, सगळं झालं, मी पाणी भरत होते, भांडी घाशीत होते, त्यांच्याकडे बघायची हिंमत नाही. बाराव्या दिवशी त्यांनी मला मागच्या पडवीत बोलावलं. म्हटलं, आता काय ते होऊन जाऊ दे, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधी मीच बोलले, दादा, मी त्या रात्री झोपले होते.

ते म्हणाले, माहीत आहे ताई, मी बघत होतो. टॉवेल घसरला होता. आईने स्वतःच्या अंगावरची चादर काढली, दांडीला धरून उभी राहिली, तुमच्यावर घातली. मग कॅमेऱ्याकडे बघितलं तिने. चार वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, बाळू, तू पण नीज रे, मी जागी आसंय. मी फोन बंद केला आणि तिथेच टेबलावर डोकं ठेवून झोपलो. तुम्हाला हाक मारायला हवी होती, नाही मारली.

एवढा मोठा माणूस, माझ्यासमोर हुंदके देऊन रडला. मी पण. मी जागी असते तर काकी वाचल्या असत्या काय? डॉक्टर नाही म्हणतात. मला अजून समजत नाही. कोणाला सांगितलं नाही आम्ही, रेश्माला पण नाही. आज तुम्हाला सांगितलं.

आता मी दुसरीकडे जाते. आजोबा आहेत, रात्रभर घोरतात, कॅमेरा नाही, काही नाही. झोपले तरी विचारणारं कोणी नाही. पण झोप येतच नाही, तीनला कान टवकारून बसते. दिवसा घरी पण तेच, घर रिकामं, उताणी पडून कौलं बघायची.

बोलता बोलता दुपार झाली बघा. तुम्ही खरंच किती वेळ ऐकलंत, देव तुमचा बरा करो. आणि एक सांगू? कधी नाय ते डोळे जड झालेत माझे. तुमची गाडी संध्याकाळची ना? मग बसाल काय जरा, हयच? मी पडतंय. पाच वाजता तेवढं दारावर टकटक करा.