एकजीव आवाज

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये होतो तेव्हा क्लबातून भंगारात निघालेला, खाली खोकं आणि वर भोंगा असलेला जुना स्पीकर मी घरी आणला. दोन महिने खपून आवाज काढणारे नवे ड्रायव्हर बसवले, जाड आवाजाचा खोक्यात आणि बारीक आवाजाचा भोंग्यात, ते दोन्ही आवाज वेगळे करणारा क्रॉसओव्हर स्वतः बनवला आणि शेजारच्या कुलकर्णींना मोठ्या ऐटीत ऐकायला बोलावलं.

गाणं लागल्यावर त्यांनी भोंग्याला कान लावला. "यातून काहीच येत नाहीये हो."

"आवाज एकजीव झालाय, म्हणून वेगळा कळत नाही," मी समजावलं. त्यांनी आदराने मान डोलावली.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या बायकोने विचारलं, "मागे ही वायर मोकळी का लोंबतेय?"

भोंग्याचीच होती. मी गुपचूप जोडली.

कुलकर्णींनी दोन मिनिटं ऐकलं आणि कप खाली ठेवला. "मघाचंच बरं होतं."

मी वायर परत काढली.