थँक यू फॉर एव्हरीथिंग

नाही, तुम्हीच सांगा, आभार मानले म्हणून कुणाची नोकरी जाते का हो? माझी गेलीच होती! तुम्हाला सांगते, इथे परदेशात पडदे शिवायच्या कारखान्यात अख्खी झालर उलटी लावली, तेव्हा नाही गेली, आणि तोंड उघडून थँक यू म्हटलं तर... जाऊ दे!

झालं काय, आमच्या ह्यांचा पाय मोडला. मी हॉस्पिटलात, आणि इकडे आमची मालकीण, अहो, इंग्रजीशिवाय शब्द नाही तिच्या तोंडात, ती माझ्या मशीनवर बसून माझ्या वाटणीचे पडदे शिवतेय! परत आल्यावर मी काय केलं? तिच्याकडे बघून हसले, अर्धा डबा तिच्यापुढे ठेवला. झाले की आभार! आपल्या माणसाला आभार म्हणतं का कुणी? पण तिथे कापड कापणारी माझी मैत्रीण, आपल्या मराठीतलीच, ती कानाशी येऊन म्हणते, "अगं, बाईंना लागलंय मनाला. एका शब्दाने बोलली नाहीस तू!" बोलले नाही? अर्धा डबा दिला! ...पण खरं सांगू, झोप उडाली माझी. माझ्यासाठी जिने कंबर मोडून घेतली, तिला वाटावं, हिला जाणीवच नाही? छे! मी ठरवलं म्हणजे ठरवलं. आभार मानायचे, आणि इंग्रजीतच!

मी जाते त्या इंग्रजीच्या क्लासच्या बाई म्हणाल्या, "किरकोळ कामाला नुसतं थँक्स. मोठं काम असेल तर कशाबद्दल तेही सांगायचं." आता कशाबद्दल सांगू? पडदे शिवले त्याबद्दल म्हटलं, तर मशीन शिकवली ते राहिलं! मग म्हटलं, सगळंच धरू. थँक यू फॉर एव्हरीथिंग! आणि वर आपल्या मनाचं, आय विल नेव्हर फर्गेट यू! ह्यांना समोर बसवून सराव केला. हे कळवळले, "मला कशाला थँक यू? मी परका झालो का?" म्हटलं, "गप बसा, तुम्ही आत्ता मालकीण आहात!" तर म्हणतात, "मग मालकिणीला चहा टाक."

दुसऱ्या दिवशी गेले, मालकिणीचे दोन्ही हात धरले, सगळं घडाघडा म्हटलं. तिचा चेहराच उतरला! "ओह नो!" म्हणाली, मिठी मारली, डोळे पुसले. मला वाटलं, जमलं!

आणि संध्याकाळी केक! सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड! माझ्या नावाची नवी कोरी कात्री! "वी विल मिस यू!" मिस? मी कुठे चाललेय? मैत्रीण फणकारली, "चाललीस ते मला आधी सांगायचंस तरी!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, इथे एवढं मोठं थँक यू जाणारी माणसंच म्हणतात! ओरडून सांगायला गेले, तर ऐनवेळी इंग्रजी सुचेना, तोंडातून निघतंय काय? ज्याचा सराव केला तेच! "थँक यू! थँक यू!" मी जितकं म्हणावं तितक्या त्या जास्त रडतायत!

पण मी ठरवलं म्हणजे ठरवलं. सकाळी कुलूप उघडायच्या आधी दारात हजर! तीच निरोपाची कात्री घेऊन मशीनवर बसले. मालकीण आली, जागच्या जागी थबकली. म्हटलं, "आय नो गो!" ती हसत हसत कापडाच्या गठ्ठ्यावरच बसली. उठली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थँक यू."

मी आधी टेबलाकडे बघितलं हो, परत केक तर नाही ना आणला!

आता ती रोज संध्याकाळी दारात उभी राहून सगळ्यांना थँक यू म्हणते. पद्धतच आहे म्हणे त्यांची. असेल! मी आपली पिशवी खांद्याला लावते आणि रोज विचारून घेते... "उद्या येऊ ना?"