हौदातला मरळ गेणबांच्या तळ्यात सापडल्याबाबत

मी, छबूबाई संभाजी रणवरे, वय ६८ (आधारवर ७१ पडलंय), शिक्षण दुसरी, काम शेती आणि घरचं, राहणार बावडा, ता. इंदापूर, जि. पुणे. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

आमच्या घरामागं सिमेंटचा हौद आहे. त्यात तीन वर्षं माझा मरळ मासा होता. माझं माहेर पणदरे. तिथं कालव्याचं आवर्तन बंद झालं की डबक्यांत मासे राहतात. त्यातलाच हा, बोटाएवढा असताना घागरीत घालून एसटीनं आणला. कंडक्टरनं त्याचं तिकीट घेतलं नाही. आता हातभर झाला आहे. बेडूक, गांडुळं, कोंबडीची आतडी खातो. आरोग्यवाल्या बाईंनी डासांसाठी सोडलेले गप्पी मासेही त्यानंच खाल्ले, हे कबूल करते. नाव पैलवान.

दि. १८ जून रोजी सकाळी ११ वाजता मी बाजाराला गेले. परत आले तर हौद रिकामा. कडेनं ओलं पोतं ओढल्याची खूण होती. मला वाटलं, कुणीतरी कालवण केलं. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार दिली.

काल दि. १० जुलै रोजी शेजारचे गेणबा यांची सून रतन सहज म्हणाली, "काकी, आमच्या शेततळ्यातली चिलापी एकाएकी कमी झालीया." चिलापी तळ्यात शिरली की पिल्लं घालून घालून बाकीच्या माशांचं खाणं संपवते. तिला खाणारा आमच्या वस्तीवर एकच. मी तांब्या घेऊन तळ्यावर गेले. हौदावर वाजवायचे तसा काठावर वाजवला. पैलवान वर आला.

शेजारी दुसरा मरळ होता. तो उजनीच्या पाण्याबरोबर पंपातून आला असावा, गेणबांना त्याची खबर नव्हती. दोघांच्या मधे पिल्लांचा तांबडा पुंजका, हजारभर तरी, पाणी उकळल्यासारखा हलत होता. मी तिथंच खाली बसले.

गेणबा आले. म्हणाले, "वैनी, मागितला असता तर दिला असता का?"

मी म्हटलं, "न्हाय."

"म्हणून न्हाय मागितला."

पैलवान नर की मादी, असं हवालदार अविराज साहेबांनी विचारलं. माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

गेणबा जाळं टाकून मासा परत द्यायला तयार आहेत. परंतु मरळाची जोडी पिल्लांची राखण करते, त्यातला एक जरी काढला तरी पिल्लं चिलापीच्या पोटात जातील. म्हणून माझी गेणबांविरुद्ध तक्रार राहिलेली नाही. पिल्लं पांगेपर्यंत तळ्यात जाळं पडू नये, आणि मला रोज संध्याकाळी काठावर बसू द्यावं. दोन्ही गेणबांना मान्य आहे. रतन चहा देणार आहे.

हा जबाब अविराज साहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. पिल्लं मोजलेली नाहीत, तर "हजारभर" खोडू का, असं ते म्हणाले. मी नको म्हटलं. बाकी सांगितलं तसंच उतरलं आहे. मासा गेणबांच्या तळ्यात असला तरी आमचाच आहे, एवढं कागदावर राहू द्यावं. सही येते, अंगठा नको.

छबूबाई