चौथी कड

— व्हय व्हय, ताई, फोन असा आडवाच धरा, मागं मशीन दिसू द्या. कृषी खात्याचा व्हिडिओ म्हटल्यावर मशीन दिसाय पायजे, हा सावळाराम काय, गावाला रोजच दिसतोय. हां, तर पाचट. ऊस तुटून कारखान्याला गेला की रानात पाला ऱ्हातो, ते पाचट. आन् आमच्याकडं रीत काय — काडी लावून मोकळं व्हायचं. चारी कडंनी लावायची, म्हंजी जाळ आत-आत जातो, शेजाऱ्याच्या उसाला लागत न्हाय. पर आधी हाळी द्यायची — हाय का रं कुणी आत? — तीनदा. कोण जनावराला वाढं, उसाचं हिरवं शेंडं, येचाय आलेलं असतं, कुणाचं शेरडू घुसलेलं असतं. आता नियम झालाय, जाळायचं न्हाय, जमीन भाजती, दंड हुतो. तुमी कागद वाटता. कागदानं कोण ऐकतंय? मी ऐकवतो.

कसं म्हंजी? गोडीनं. पयल्यांदा गोडीनंच. एक सरी मशीन फुकट फिरवतो, पाल्याचा भुगा कसा हुतो दावतो, वर युरिया नि पाला कुजवायचं जिवाणू टाका म्हंतो, खोडव्याला, म्हंजी तुटल्या उसाच्या नव्या फुटव्याला, पाणी कमी लागतं. तरी न्हाय ऐकलं तर — त्या भीमानं माझ्यादेखत काडी वडली, ती त्याच्याच तळहातावर विझवली मी. दाबून. लई वरडला. आता जावा, बगा त्याचं रान, पाला कुजून काळंभोर, कसदार झालंय. — हसत न्हाय मी, खरं सांगतोय. तेवढं कापा हो व्हिडिओतनं.

आई? व्हय, जाळातच गेली. शकुबाई. तुमाला कुणी सांगितलं? — गावाला तोंड हाय. फोन जरा खाली घ्या, ताई. आईला ऐकू येत नव्हतं. सगळ्या गावाला म्हाईत! बांधाशेजारच्या संभाजीच्या रानात शेरडू हुडकाय गेलती, आन् ह्यानं हाळी दिली — तीनदा दिली, साक्षी हायेत — रीत पाळली म्हंतो! आरं, बहिरीला हाळी? चार पावलं आत जाऊन बगाय काय झालतं तुला? चारी कडंनी जाळ आन् म्हातारी मधी. मी बांधावनं बगितलं, लुगडं पेटलेलं, ह्या कडंनं त्या कडंला पळतीय. शेरडू सुटलं. ती न्हाय सुटली. अपघात म्हनून मिटलं सगळं. म्हनून तर ह्ये मशीन घेतलं मी, दुसरं काय?

औंदाचा जाळ? तो त्या संभाजीनंच केला की. दंड झालाय त्याला, इंदापूरला हापिसात खबर मीच दिली. हात मोडला तो — पळताना पडला. बारामतीला दवाखान्यात हाय. — न्हाय. पडला नव्हता. तुमी असं रोखून बगताय म्हनून सांगतो, कुठं बोलू नका. म्या गोडीनंच सांगाय गेलतो, दादा, औंदा मशीन फिरवू. तर म्हनला, आईच्या नावानं किती दिस रडणार, हाळी दिलती मी. मग फिरलं माझं डोकं. हातात पाना हुता, त्यानं हाणला. हात मोडला, गुडघा फोडला, वडत नेला आन् पाचटात मधोमध टाकला. कडंला आलो. मीबी हाळी दिली. रीत हाय न्हवं? हाय का रं कुणी आत? — आतनं वरडत हुता, हाय, हाय, मी हाय. तिन्ही हाळ्यांना वरडला. लावली काडी. एक कड. दुसरी. तिसरी. आईवानी पळ म्हनलं, बगू.

बोलंल कसा? बोललास तर पुन्यांदा झोपवीन म्हनलोय त्याला. — जिता कसा ऱ्हायला? चौथी कड न्हाय लावली म्हनून. तिकडनंच रांगत सुटला.

दया? दया कसली, ताई! चौथ्या कडंला माझं रान हाय. आदल्याच दिशी मशीननं कुट्टी केली हुती, जिवाणू टाकलं हुतं. माझं पाचट जळलं असतं की.

— फोन चालूच हाय व्हय अजून?

ठेवा त्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. — ठेवा म्हंतोय. — हां. आता जावा.