तात्यांचं विमान अजून हवेत आहे

जबाब देणार : बस आगारात वेळापत्रक लिपिक, वय ४३, राहणार आगारामागील कर्मचारी वसाहत. नाव व फोन क्रमांक वेगळे नोंदवले आहेत.

समक्ष हजर राहून सांगते की, तात्या शुद्धीवर आले असून बोलत आहेत. हे मला आज दुपारी रुग्णालयाच्या वॉर्डातील परिचारिकेने फोनवर सांगितले. पोलीस ठाण्यातील हवालदार स्वतः जाऊन त्यांना पाहून आले, त्यांनीही तसेच सांगितले. रक्तातील साखर एकदम उतरल्याने ते बेशुद्ध झाले होते.

तात्यांशी माझे नाते काय असे विचारता, नाते काही नाही. ते घड्याळे दुरुस्त करतात व एकटे राहतात, एवढे माहीत होते. आम्ही सहा जण संगणकावर लढाऊ विमाने उडवण्याचा खेळ खेळतो. हेडफोनवरून बोलतो, प्रत्यक्ष कधी भेटलेलो नाही. त्यांचे खरे नाव मला काल हवालदारांकडून कळले.

खेळासोबत आलेल्या मोहिमा आमच्या केव्हाच खेळून संपल्या. आता आमच्या आम्ही रचतो. कोणते विमान कधी उडेल, किती इंधन घेईल, शत्रूची रडार कुठे असतील, हे मी ठरवते. आगारात गाड्यांचे करते तेच. एका मोहिमेचा निकाल पुढच्या मोहिमेत धरला जातो. ज्याचे विमान पडले तो शेवटपर्यंत बाद. वळायच्या जागांना खेळात आकडे असतात, पण हेडफोनवर 'सात' आणि 'आठ' सारखेच ऐकू येतात. त्यावरून आमची दोन विमाने एकदा एकमेकांवर आदळली. तेव्हापासून त्या जागांना तात्या नावे ठेवतात. परतीची नावे अशी : छापखाना, टाकी, टॉकीज. उतरायची धावपट्टी म्हणजे हिरवं दार.

काल सुटी असल्याने सकाळी शेवटची मोहीम ठेवली होती. काम फत्ते करून परत येत होतो. "छापखाना ओलांडला," असे तात्या म्हणाले. टाकीपाशी डावीकडे वळायचे होते. बाकीचे वळले, तात्या सरळ गेले. पेंटर, म्हणजे घरांना रंग देणारा आमचा गडी, म्हणाला, "तात्या, डुलकी लागली का? घरात ओरडायला कुणी नाही म्हणून आम्हीच ओरडायचं का?" एरवी तात्या अशा वेळी त्याला सोडत नाहीत. त्यांचा माइक चालू होता. खुर्ची पडल्याचा आवाज आला. नंतर फक्त पंखा ऐकू येत होता.

मी खेळ जागीच थांबवला आणि ठाण्यात फोन केला. तेव्हा मी, "विमान हवेत आहे, वैमानिक उत्तर देत नाही," असे बोलले, हे खरे आहे. आम्ही आपसात तसेच बोलतो. ठाणे अंमलदारांनी प्रवासी किती असे विचारले. मी, "एकच सीट आहे हो," असे सांगितले. त्यांनी विमानतळाला कळवल्याचे मला नंतर समजले. चूक लक्षात येताच मी खुलासा केला. त्यावर ते काय म्हणाले ते इथे लिहू नये अशी विनंती आहे.

पत्ता विचारला असता माझ्याकडे नव्हता. तात्या याच शहरातले, हे पाण्यावरून माहीत होते. आमच्याकडे पाणी गेले की त्यांच्याकडेही जायचे. नावे कुठून आणता, असे मी त्यांना मागे विचारले होते. "बसमधून उतरून घरी जाताना जे दिसतं तेच. डोक्याला ताप नको," असे ते म्हणाले होते. ते आठवल्यावर मी आगारातील एका चालकाला फोन लावला.

"छापखाना, टाकी आणि टॉकीज असा कुठला थांबा आहे, दादा?"

"टाकी आधी लागते का टॉकीज?"

"टाकी. मग डावीकडे."

"मग माझ्याच मार्गावरचा शेवटून दुसरा थांबा. टॉकीज बंद पडलंय बघा. का, सुटीच्या दिवशी गाडी वाढवताय का तिथे?"

थांबा, तिथून पुढच्या खुणा आणि हिरवं दार असे सगळे ठाण्यात कळवले. हवालदार गल्लीत पोहोचले व तिथून त्यांनी मला फोन केला. "बाई, अख्ख्या गल्लीत एकही हिरवं दार नाही." मी जुन्या मोहिमा आठवून पाहिल्या. मग सुचले. मोहीम रचताना मी तात्यांसाठी खुणेचा धूर हिरवा कधीच ठेवत नाही, पांढरा ठेवते. हिरवा आणि तपकिरी त्यांना एकच दिसतात.

"तपकिरी आहे का?"

"एक आहे."

"तेच तोडा."

दार माझ्या सांगण्यावरून तोडले आहे. त्याबद्दल हवालदारांना जबाबदार धरू नये. आत तात्या टेबलाखाली पडलेले सापडले. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे आणखी उशीर झाला असता तर अवघड होते.

शुद्धीवर आल्यावर तात्यांनी परिचारिकेला पहिल्यांदा, "विमान कुठे आहे?" असे विचारले. तिला वाटले, पेशंट भ्रमात आहे. तिने फोन त्यांच्या कानाला लावला. मी सांगितले, टाकीच्या जरा पुढे, तसेच उभे आहे. "कुणी हात लावू नका. मीच उतरवणार," असे ते म्हणाले. मी बरे म्हटले.

दाराचे काम पेंटरने अंगावर घेतले आहे. तात्यांनी त्याला "होता तोच हिरवा दे" असे बजावले आहे. त्याने मला विचारून तपकिरी रंगाचा डबा आणला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. माझ्या सांगण्यावरून दोन ठिकाणी 'विमान'च्या आधी 'संगणकावरील' असे घातले होते, ते नंतर माझ्याच सांगण्यावरून काढले. बाकी मी बोलले तसेच आहे व ते खरे आहे. तात्यांना परवा घरी सोडतील असे वॉर्डातून कळले. येत्या सुटीला सकाळी आम्ही पाच जण धावपट्टीवर थांबू, आणि ते हिरव्या दारावर उतरतील.