स्टँड काढलेली गाडी

मनिषा : आणि बोलावलं तर?

गुरुदत्त : कोण बोलावतंय? पार्ट-टाइम आहे गं ही फौज. वर्षातून दोनेक महिने कॅम्प, बाकी आपली तळोज्याची कंपनी. नोकरी राखून ठेवतात, कॅम्पचा पगार देतात, वर मिलिटरी कँटीनचं कार्ड. तुला कुकर हवा होता ना? गाडी सरळ धर, चेन ताणायचीय.

मनिषा : सरळच हाय. हात भरून आला माजा. लोकांच्या गाड्या आपल्या पायावर उभ्या ऱ्हातात. आपल्या गाडीला बायको लागते.

गुरुदत्त : रेसच्या गाडीला स्टँड ठेवत नाहीत. वळणावर जमिनीला लागला की माणूस उडतो. किती वेळा सांगितलंय.

मनिषा : आयकलंय. तुमी विषय बदलू नका. त्या फौजवाल्यांनी टायर दिले, पेट्रोल दिलं, पाठीवर ‘प्रादेशिक सेना’ लिवलेली जर्सी दिली. तवा बोललात, जाहिरात हाय, आपलं काय जातंय?

गुरुदत्त : तेव्हा तसंच वाटलं होतं. मैदानाच्या कडेला त्यांचा भरतीचा तंबू. रेस बघायला पोरं जमतात, त्यातली चार तंबूत शिरतात. मी आपला फिरता बोर्ड.

मनिषा : मग बोर्डाला आता काय झालं?

गुरुदत्त : सव्वीस जानेवारी झाली.

मनिषा : आता गो बाय! त्या नारळापायी?

गुरुदत्त : हसू नकोस.

मनिषा : हसू नको तर काय करू? शाळेच्या मास्तरांनी जर्सी बगितली, समजले गुरुदत्त फौजी झाला. झेंड्याला बोलावलं, शाल-नारळ दिला. तुमी तवाच बोलायचं, मी फौजी नाय, फिटर हाय.

गुरुदत्त : बोलणारच होतो. पण तोवर पहिलीची पोरं ओळीनं सॅल्यूट मारत निघाली. एकाचा हात कपाळापर्यंत पोचत नव्हता, मागच्यानं तो वर करून दिला. मीपण सॅल्यूट ठोकला.

मनिषा : आणि त्या नारळाच्या वड्या मी केल्या, तुमी खाल्ल्यात. पचल्या पन.

गुरुदत्त : नाही पचल्या. तेच तर सांगतोय. ओवे फाट्यावर ती पोरं रोज भेटतात, अजून सॅल्यूट मारतात. मी गाडी हळूसुद्धा करत नाही. लाज वाटते.

मनिषा : (हँडल दुसऱ्या हातात घेत) माजा बा करंजा बंदरात होडीवर खलाशी. काम नसलं का घरी जाळं इनायचा. पन होडीच्या तांडेलाची हाक आली का भरल्या ताटावरून उठायचा. आय कदी बोलली नाय, अर्धेच जा. होडीत अर्धा माणूस चढत नाय.

गुरुदत्त : तसं नाही गं...

मनिषा : तसंच हाय. कुकर दाखवून मना गप करू नका. लंकेला फौज गेली, सुकापूरच्या साळूबायचा पोरगा आला का घरी? खरं सांगा. बोलावलं तर?

गुरुदत्त : बोलावलं तर जाईन.

मनिषा : भ्या नाय वाटत?

गुरुदत्त : वाटतं. वळणावर पण वाटतं.

मनिषा : मना पन. तुमी वळणावर आलात का मी डोळे मिटते. जिंकलात का पडलात, ते लोकांच्या आवाजावरनं कळतं मना.

गुरुदत्त : कधी बोलली नाहीस.

मनिषा : तुमी कदी इचारलंत? उद्याच नाव द्यायचं ना?

गुरुदत्त : उद्याच. पण तू नको म्हणालीस तर जर्सी परत करतो. शाल घेऊन शाळेत जातो, खरं काय ते सांगतो.

मनिषा : मग? त्या फाट्यावरनं जन्मभर मान खाली घालून जाल. घरात पन तसंच बसाल. मना ते बगवायचं नाय. धरा गाडी.

गुरुदत्त : कुठे चाललीस? चेन राहिलीय अजून.

मनिषा : स्टँड शोधाया. तांदळाच्या पिंपामागं ठेवलाय. बसवून जा. तुमी कॅम्पला गेलात का माज्या एकटीच्यान नाय धरवायची ही.